व्याह्यांच्या अंगणातला टायमिंग बेल्ट

इंजिनाचा आवाज फोनवर ऐकवू नका, एवढी माझी हात जोडून विनंती आहे. मी गॅरेज बंद करून घरी बसलो, ही बातमी सगळ्या कोल्हापूरला कळली; पण घरी बसलेल्या मिस्त्रीला उठसूट फोन करू नये, हे मात्र कुणाला कळलेलं नाही. चहाचा कप ओठाला लावावा आणि फोन वाजावा. "मिस्त्री, जरा ऐका की." मग बॉनेट उघडल्याचा आवाज, मग घरघर. त्या घरघरीत रस्त्यावरचे हॉर्न, शेजारणीचं भांडण आणि कुठलं तरी कुत्रं, एवढं मला नीट ऐकू येतं. "काय असंल?" असं ते विचारतात. "कुत्रं असंल," मी म्हणतो. मग रागावून फोन ठेवतात आणि दुपारी परत करतात.

दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा म्हटल्यावर मी आधी नाहीच म्हणालो होतो. गॅरेज कधी काढलं, पहिली गाडी कुठली, हे ऐकण्यात कुणाला रस असणार? कळंब्याच्या रस्त्याला पत्र्याची शेड होती, आत खड्डा होता, बाहेर लिंबाचं झाड होतं. एवढ्यात माझा इतिहास संपला. पण गेल्या दसऱ्याला जे झालं ते आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोनं, चार घरी चार प्रकारे सांगितलं आहे, आणि प्रत्येक वेळी त्यात मी जरा जास्तच ओरडलेला असतो. तेव्हा खरं काय ते मीच लिहिलेलं बरं.

आधी धंद्याबद्दल थोडं सांगतो. गाडी बिघडवणारे लोक दोन जातीचे. एक, अजिबात न बघणारे. दुसरे, घरी खोलून बघणारे. पहिल्यांवर माझं पोट चाललं आणि दुसऱ्यांनी माझं डोकं फिरवलं. हे दुसरे लोक लोणच्याच्या रिकाम्या बरणीत स्क्रू घालून आणायचे आणि म्हणायचे, "मिस्त्री, सगळं बसवलं, एवढे उरले." जसे काही कंपनीनं चुकून जास्तीचे घातले होते! एकानं तर गिअरबॉक्सचा एक नट उरला म्हणून देव्हाऱ्यात ठेवला होता, हरवू नये म्हणून. गाडी उताराला लावली की आपोआप चालायला लागते, अशी त्याची तक्रार होती.

आता टायमिंग बेल्ट. ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, पण माझा अनुभव असा की ज्यांना माहीत आहे असं वाटतं त्यांनाच वाचायची जास्त गरज असते. इंजिनात खाली पिस्टन वरखाली होतात आणि वर व्हॉल्व्ह उघडझाप करतात. जागा एकच, आणि दोघांनी तिथं आळीपाळीनं यायचं. एका उखळात दोघी बायका मुसळ घालतात तसं. एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. ताल चुकला की मुसळावर मुसळ. हा ताल सांभाळतो एक दातेरी रबरी पट्टा. तो खालच्या चाकाला वरच्या चाकाशी बांधून ठेवतो. तो एक-दोन दात इकडेतिकडे बसला किंवा तुटला, की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिनाचं डोकं उतरवावं लागतं. ते काम म्हणजे गाडीला इस्पितळात दाखल करणंच. महिना-दीड महिना विसरायचं.

आणि हा पट्टा लबाड असतो. झाकणाच्या आत असतो म्हणून दिसत नाही. तुटायच्या आधी करकरत नाही, शिटी मारत नाही. ब्रेक निदान ओरडतात तरी. जोतिबाला नारळ-गुलालाचं दुकान असलेले एक गिऱ्हाईक होते. त्यांच्या गाडीचा एअर फिल्टर उघडला की आतून गुलाल निघायचा, चैत्रात तर माझी बनियनसुद्धा गुलाबी व्हायची. त्यांना मी दर खेपेला सांगायचो, मालक, बेल्ट बदला. ते म्हणायचे, "अजून चालतोय की." एकदा खेटे, म्हणजे जोतिबाच्या रविवारच्या वाऱ्या, घालायला आलेल्या पाहुण्यांना घेऊन डोंगर उतरताना तो तुटला. गाडी दोरीनं ओढत माझ्याकडे आणली. उतरल्या उतरल्या त्यांनी मला काय म्हणावं? "मिस्त्री, तुम्ही जरा जोरानं सांगायला हवं हुतं." मी त्या दिवसापासून सगळ्यांना जोरानं सांगायला लागलो. गिऱ्हाइकांवर ओरडणारा मिस्त्री म्हणून माझी जी ख्याती झाली तिचं मूळ हे आहे.

फक्त एका माणसावर मला ओरडता येत नव्हतं. ते म्हणजे माझे व्याही.

माझी मुलगी सुप्रिया नेसरीला दिली आहे. व्याह्यांना गाव तात्या म्हणतं, विहीणबाईंना अक्का. शेती, चार म्हशी, ट्रॅक्टर, भरलेलं घर. जावई साखर कारखान्यात पाळीला असतात. सुप्रिया गडहिंग्लजला रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. तिला सकाळी लवकर पोचावं लागतं, कारण उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं लॅबचं दार उघडायची वाट बघत बसलेली असतात. त्या वेळेला सोयीची एसटी नाही. म्हणून नोकरी लागली तेव्हा मी एक जुनी डिझेल गाडी हुडकली, आपल्या हातानं नीट केली आणि तिला दिली. अक्कांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं, "गाडी हाय तवर जा. गाडी न्हाय तर ह्याच्या-त्याच्या मोटरसायकलवर बसून जायाचं न्हाय." त्यात वाईट हेतू काही नव्हता, पण अर्थ सरळ होता. गाडी थांबली की नोकरी थांबणार.

म्हणून त्या गाडीचं सगळं मी बघायचो. ऑइल, ब्रेक, बॅटरी. सुप्रिया दोन-तीन महिन्यांनी गाडी घेऊन यायची, मी अंगणात बॉनेट उघडायचो, ती आईशी गप्पा मारत बसायची. मागच्या भादव्यात मी तिला सांगितलं, आता टायमिंग बेल्टची वेळ झाली, पुढच्या रविवारी आण. पुढच्या रविवारी गणपतीची गडबड. त्याच्या पुढच्या रविवारी म्हैस व्यायली. आणि मग नवरात्रातल्या अष्टमीला तिचा फोन आला, आवाज अगदी बारीक करून.

"अण्णा, तुम्ही रागावू नका. मामांनी बेल्ट काढलाय."

मामा म्हणजे तिचे सासरे. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"कुठं काढलाय?"

"हितंच. गोठ्याम्होरं. मोबाइलवर बघून."

मी म्हटलं, तात्यांना फोन दे. तात्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत. "पावणं, काय काळजी करू नका. पट्टाच हाय की! कुट्टी मशीनचा पट्टा मी डोळं झाकून बदलतो. ट्रॅक्टर सगळा खोलून बसवलाय ह्या हातानं."

हेच तर दुखणं आहे. ट्रॅक्टरला आतून गिअर असतात, तिथं असला बेल्ट नसतोच. आणि कुट्टी मशीनचा पट्टा कसाही चढवा, कडबा कापला जातो. तो मोबाइलवरचा माणूस चकचकीत गॅरेजमध्ये पांढऱ्या हातमोज्यांनी हसतहसत बेल्ट बदलत असणार. त्याच्या अंगणात म्हशी नसणार. दुसरा कुणी असता तर मी फोनमधूनच त्याच्या कानात पान्हा घातला असता. पण समोर व्याही. मंडळी दारात उभ्या राहून मला डोळ्यांनी दटावत होत्या. पोरगी त्या घरात नांदते. मी घसा खाकरला आणि म्हटलं, "तात्या, तसंच ठेवा. मी येऊन करतो."

"तुमाला कशाला तरास? ह्या वयात?"

तात्या माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत, हे इथं नमूद करतो.

"बरं, मग बेल्ट काढताना खुणा केल्या का? चाकावर कंपनीची खाच असते, ती..."

"खाचबीच काय दिसत न्हाय, निस्ता काळा चिखल बसलाय. पर मी खुणा केल्यात की! वरच्या चाकाला एक ठिपका, त्येच्या समोर इंजिनाला एक. पांढऱ्याफेक."

"रंगानं केल्या?"

"चुन्यानं."

तंबाखूच्या चंचीतला चुना. चाळीसएक वर्षं मी या धंद्यात काढली, टायमिंगच्या खुणा खडूनं, रंगानं, नेलपॉलिशनं केलेल्या पाहिल्या. चुन्यानं पहिल्यांदाच. मी डोळे मिटले आणि शक्य तेवढ्या गोड आवाजात सांगितलं, की चाकांना आता हात लावू नका, खूण पुसू देऊ नका, नवा बेल्ट चढवला की किल्ली मारायच्या आधी पान्ह्यानं इंजिन हातानं दोन फेरे पुरं फिरवा, आणि कुठं अडलं तर तिथंच थांबा. "व्हय व्हय," तात्या म्हणाले. माझ्या अनुभवात दोनदा व्हय म्हणणारा माणूस एकदाही ऐकत नसतो.

दुसऱ्या दिवशी मी जायला निघणार, तर सुप्रियाचाच फोन. "आज येऊन काय उपयोग न्हाय अण्णा. खंडेनवमी हाय. सगळे पान्हे देवापुढं मांडल्यात. अक्का हात लावू देत न्हाईत."

बाहेरच्या लोकांसाठी सांगतो. आमच्याकडे नवमीला अवजारांची पूजा होते. नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड, पान्हे, जे काही हातात धरून माणूस पोट भरतो ते धुऊन पुसून देवापुढं ठेवायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. त्या दिवशी अवजार उचलायचं नाही, त्याला विश्रांती. आता मी काय बोलणार? मी माझ्या शेडमध्ये हाच नियम आयुष्यभर पाळला. एकदा एक वकील नवमीला आले, पंक्चर टायर घेऊन, कुणाच्या तरी साखरपुड्याला उशीर होतोय म्हणून गयावया करत. मी पान्ह्याला हात लावला नाही, त्यांना रिक्षात बसवून दिलं. तेव्हा अक्कांचं म्हणणं चूक, असं मला म्हणताच येईना. एक दिवस जुना बेल्ट काढलेला, नवा बसवलेला नाही, असं ते इंजिन उघडं पडणार होतं आणि मी कोल्हापुरात हात चोळत बसणार होतो. बसलो.

दसऱ्याला सकाळीच आम्ही दोघं नेसरीला पोचलो. अंगणात पाऊल टाकतो तर गाडी धुऊन पुसून उगवतीकडे तोंड करून उभी. बंपरला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. भावकीतली दहाबारा माणसं जमलेली. अक्का ओवाळायचं ताट घेऊन उभ्या. आणि तात्या नवा पटका बांधून चालकाच्या जागेवर, हात किल्लीवर.

"या पावणं, येळेवर आलासा!" ते आतूनच ओरडले. "पहाटेच बसवला पट्टा. झाकण मुद्दाम उघडं ठेवलंय, तुमी बगावं म्हणून. मुहूर्ताला चालू करतो!"

मी बॉनेटखाली वाकलो. काम वाईट नव्हतं, हे मला मान्य करावं लागेल. बेल्ट सरळ बसला होता, ताण बरोबर होता, नट स्वच्छ. वरच्या चाकावर एक ठिपका, समोर इंजिनावर एक ठिपका, दोन्ही एका रेषेत.

फक्त ठिपके पांढरे नव्हते. तांबडे होते.

कुंकवाचे होते.

मी अंगठ्यानं चाकाची कडा पुसली. चाक लख्ख होतं, तात्या म्हणत होते तो काळा चिखल कुठंच नव्हता. त्यामुळे कंपनीची खाच आता अगदी स्पष्ट दिसत होती. कुंकवाच्या ठिपक्यापासून दोन दात लांब.

"तर मग गणपतीबाप्पा..." बाहेर कुणीतरी सुरुवात केली.

"किल्ली काढा!"

हा आवाज माझा होता. शेडमध्ये ट्रक चालू असताना पलीकडच्या टोकाला ऐकू जावा असा आवाज आहे तो, माझ्या मते गॅरेजबरोबर तोही बंद झाला होता. गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. सुप्रियाचा चेहरा पांढरा पडला. मंडळींनी पदर तोंडाला लावला. तात्या किल्ली हातात धरून हळूच उतरले, आणि पटक्याखाली त्यांचं कपाळ लाल झालेलं मला दिसलं.

"काय झालं?" ते म्हणाले. पाहुण्यांपुढं, भावकीपुढं, सणाच्या दिवशी व्याह्यावर ओरडणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको.

"तात्या, तुमचा चुना कुठं गेला?"

तात्यांनी वाकून बघितलं. मग त्यांनी अक्कांकडे बघितलं. अक्का ताट घेऊन तशाच उभ्या होत्या.

"काल मी पुसलं की," अक्का म्हणाल्या. "रॉकेलचं फडकं घेऊन. किती घाण बसलीती. पुसताना ते वरचं चाक टक्कन फिरलं, मी घाबरले. मग इंजिनावर ठिपका हुता तितं कुंकू लावलं, आनि त्येच्या समोर चाकाला एक."

झालं असं होतं. बेल्ट काढला की वरचं चाक मोकळं असतं. आतल्या स्प्रिंगा त्याला ढकलत असतात, जरा धक्का लागला की ते उडी मारून आपल्या सोयीच्या जागी बसतं. अक्कांनी ते पुसलं, त्यानं उडी मारली, आणि समोर जो दात आला त्याला अक्कांनी भक्तिभावानं कुंकू लावलं. पहाटे तात्यांनी बघितलं तर ठिपक्यासमोर ठिपका. त्यांना अंधारात पांढरं आणि तांबडं काय, ठिपके जुळले म्हणजे झालं. त्यांनी बेल्ट चढवला.

"तुला कुणी हात लावायला सांगितलंतं?" तात्या अक्कांवर उसळले.

"तुमीच म्हणालासा ना, इंजिन म्हंजे बी अवजारच हाय? मग अवजार न पुसता पुजतात व्हय?"

अक्कांचं खरं होतं. माझ्या शेडमध्ये नवमीला मीच घासूनपुसून सगळं चकचकीत करायचो.

"आणि तात्या," मी जरा आवाज खाली आणून विचारलं, "हातानं फिरवलं का दोन फेरे?"

"फिरवलं की. जरा फिरलं, मग अडलं. परत मागं आणून ठेवलं."

"अडलं?"

"म्हटलं नवा पट्टा हाय, घट्ट असंल. चालू झालं की सैल हुईल."

तोंड उघडलं असतं तर दसरा संपला असता. ते जे अडलं होतं तो पिस्टन होता, व्हॉल्व्हला टेकलेला. हातानं फिरवताना टेकून थांबला म्हणून वाचला. किल्लीनं फिरवला असता तर थांबला नसता. तेवढ्यात भावकीतले एक गृहस्थ पुढं झाले. यांच्याकडे स्वतःची सायकलसुद्धा नाही. "असू द्या हो, मारा की स्टार्टर. काय हुतंय बघू." मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते जाऊन गोठ्याजवळ उभे राहिले.

खरं तर मी शर्टाच्या बाह्या वर केल्या होत्या. "व्हा बाजूला" हे शब्द जिभेवर होते. माझ्या हातानं हे काम फार वेळाचं नव्हतं. तात्या बॉनेटच्या दुसऱ्या बाजूला आले, वाकले, आणि फक्त मला ऐकू जाईल असं बोलायला लागले.

"पावणं, गाडी तुमी दिलीसा. ऑइल तुमी बदलता, ब्रेक तुमी बघता. जरा काय वाजलं की पोरगी कोल्हापूरला पळती. गावात लोक काय म्हणत्यात ठाव हाय? सून हितली, गाडी म्हायेरची. तिची नोकरी मोडू नये असं मला बी वाटतंय की. ह्या घरानं तिच्यापायी एक काम तरी करावं, म्हणून बसलो हुतो. निस्तं वाटोळं करून ठेवलं."

त्यांचे हात ग्रीसनं माखले होते, आणि नव्या पटक्यालाही लागलं होतं. मी बाह्या खाली सोडल्या आणि बटणं लावली.

"वाटोळं झालेलं न्हाय," मी म्हटलं. "पान्हा घ्या हातात. मी उजेडाला बॅटरी धरतो."

लिहायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात दुसऱ्याला काम करताना बॅटरी धरून बघणं यासारखी शिक्षा नाही. तात्या पान्हा उलटा लावायचे, मग सुलटा, मग पुन्हा उलटा. ताण देणारी चकती सैल करायला त्यांनी एवढा वेळ घेतला की ताटातलं निरांजन विझलं आणि अक्कांनी परत लावलं. माझे हात आपोआप पुढं जायचे, मी ते मागं घ्यायचो. बेल्ट उतरवल्यावर आधी खालचं चाक थोडं मागं घ्यायला लावलं, म्हणजे सगळे पिस्टन मधोमध येतात आणि वर कुणी कुणाला धडकत नाही. मग वरचं चाक खाचेवर आणलं. मग खालचं परत त्याच्या खाचेवर. "ही खाच व्हय!" तात्या म्हणाले, "हिनं पुसलं म्हणून दिसली की!" अक्कांनी दुरून मान हलवली, जणू हेच त्या मघापासून सांगत होत्या.

बेल्ट चढला. मी म्हटलं, आता फिरवा, हातानं, सावकाश. तात्यांनी खालच्या नटाला लांब पान्हा लावला. अर्धा फेरा. एक फेरा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं चालू ठेवा. दुसरा फेरा. कुठं अडलं नाही. खाचा पुन्हा आपापल्या जागी येऊन उभ्या राहिल्या. "आणि एकदा फिरवतो," तात्या आपणहून म्हणाले, आणि तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की या माणसाला हे काम जमलं असतं.

किल्ली त्यांनी स्वतः मारली नाही. सुप्रियाला बोलावून दिली. गाडी एका झटक्यात चालू झाली, आवाज स्वच्छ, कुठं टकटक नाही. कुणीतरी नारळ फोडला. भावकीतल्या लोकांना तात्या सांगायला लागले, "पट्टा मी बदलला. पावणं निस्तं उजेड धरून हुतं." सगळे माझ्याकडे बघायला लागले. "खरं हाय," मी म्हटलं. "मी निस्ता उजेड धरून हुतो." मंडळींनी माझ्याकडे असं बघितलं की मला ताप आलाय की काय.

संध्याकाळी सोनं लुटून निघालो. दारापर्यंत सोडायला सगळे आले. तात्यांनी माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली, मिठी मारली आणि सगळ्यांसमोर सुनेला सांगितलं, "आता गाडीला काय बी झालं तर आदी मला हाक मारायची. ऊठसूट अण्णांकडं पळायचं न्हाय. त्यांनी आता आराम करायचा." सुप्रिया माझ्याकडे बघत राहिली. "बरोबर बोलत्यात," मी म्हटलं. काय म्हणणार?

गडहिंग्लज मागं पडल्यावर मंडळी म्हणाल्या, "चला, सुटलासा एकदाचं पोरीच्या गाडीच्या कामातनं." मला भयंकर राग आला, आणि कुणाचा आला हे कळेना. तात्यांचा नाही. अक्कांचा तर नाहीच. मी त्यांना म्हटलं, गप्प बसा, आणि त्या बसल्या.

आता इथं लिहूनच टाकतो. फोनवर कुत्री ऐकवणारी गिऱ्हाइकं वेगळी, पण शेड बंद झाल्यापासून माझ्या अंगणात खरोखर येणारी गाडी एकच होती. ऑइल थोडं लवकर बदलावं लागतं, असं मी सुप्रियाला सांगून ठेवलं होतं. तेवढं लवकर बदलावं लागत नाही.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "अण्णा, मामांनी घरीच ऑइल बदललं. फिल्टरसुद्धा. गाडी लई छान चाललीय." मी विचारलं, इंजिन गरम करून मग ऑइल काढलं का, वॉशर नवा घातला का, खालचा नट जास्त आवळला तर नाही ना. सगळं बरोबर केलं होतं. माझे प्रश्न संपले. ती "ठेवू का मग?" म्हणाली.

"सुप्रिया," मी म्हटलं, "दिवाळीला ये. गाडी नको आणूस, एसटीनं ये. पण ये."